आपोआप बंद पडली

जगात आपोआप काही बंद पडत नाही, कुणीतरी पाडतं तेव्हाच पडतं, हे बाईंचं ठाम मत होतं आणि ते अकरा वर्षं रोज दहा ते सहा लोकांची तोंडं बघून झालेलं होतं. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण खुर्चीवर नीट टेकायच्या आत एकच वाक्य म्हणायचा, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." मग पिशवीतून हार्डडिस्क निघायची आणि तिच्या फटीत दुधाचा चहा सुकून बसलेला असायचा.

बाईंचा धंदा असा, की मेलेल्या, मरायला टेकलेल्या हार्डडिस्कमधून लोकांचे फोटो, कागदपत्रं, काय काय भरून ठेवलेलं असतं ते बाहेर काढून द्यायचं. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. त्याची कानस दिवसभर चालायची आणि कानशीपेक्षा जीभ जास्त. बाईंचं 'आपोआपबाई' हे नाव त्यानेच पाडलेलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जिन्यात उभं राहून पत्ता विचारला की खालून आवाज यायचा, "वर जा, डावीकडे, आपोआपबाई."

आणि काय काय यायचं त्या टेबलावर! एक डिस्क मोज्यात गुंडाळून आली होती आणि मोजा धुतलेला नव्हता. एक चांगली शिकलेली बाई डिस्क चार दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून घेऊन आली, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं. डिस्कला मासळीचा वास येत होता आणि आत पाणी सुटलं होतं. एकीत मुंग्यांनी अंडी घातली होती. एकीवर च्युइंगमने चिठ्ठी चिकटवली होती, 'जपून हाताळा'. बाई चिमट्याने उचलायच्या, तोंड फिरवायच्या आणि म्हणायच्या, "शी." दिवसातून वीस वेळा तरी. लोकांच्या घाणीची त्यांना किळस होतीच, पण घाण करून वर कानांवर हात ठेवायची जी तऱ्हा असते तिची त्याहून जास्त होती.

त्यांच्याकडे एक जाड वही असायची. तारीख, नाव, डिस्कचा नंबर आणि शेवटी एक रुंद रकाना, 'कारण'. अकरा वर्षांत सात वह्या भरल्या. कारणाच्या रकान्यात वरच्या ओळीत 'आपोआप' आणि त्याखाली पान संपेपर्यंत कित्ता, कित्ता, कित्ता. पान उलटलं की पुन्हा 'आपोआप', पुन्हा कित्ता.

बरं, कारण त्या उगाच चौकशा करायची हौस म्हणून विचारत नसत. काम त्यावर अडायचं. हार्डडिस्कच्या पोटात आरशासारखी लखलखीत तबकडी असते. तिच्यावरून, तिला न शिवता, एक बारीक हेड फिरतं आणि लिहिलेलं वाचतं. मधलं अंतर केसाहून कमी. डिस्क पडली किंवा आपटली की ते हेड वाकतं. वाकलेल्या हेडला करंट दिला की तबकडी गरगर फिरते आणि हेड तिला खरवडत सुटतं. खरवडलं ते गेलं, मग साक्षात ब्रह्मदेव खाली उतरला तरी परत येत नाही. म्हणून कुणी नुसतं "पडली" म्हणालं तरी पुष्कळ होतं. बाई करंट द्यायच्या नाहीत, आधी उघडायच्या, भिंगातून बघायच्या, हेड बदलायच्या आणि डिस्क बचावायची. पण "पडली" ही तीन अक्षरं बोलायला लोकांच्या जिवावर यायचं.

म्हणून बाईंनी नियमच करून टाकला होता. कुणी काहीही सांगो, उघडून बघितल्याशिवाय करंट नाही. त्यांचे वडील घड्याळजी होते. टेबल त्यांचंच, भिंगही त्यांचंच. "आपोआप बंद पडलं" म्हणणारा आला की वडील मुकाट्याने घड्याळाचं मागचं झाकण काढायचे, आतलं पाणी टिपकागदावर ओतायचे आणि कागद गिऱ्हाइकापुढे सरकवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. बाईंनी वडिलांची हातोटी उचलली, पण त्यांचा गप्पपणा काही त्यांना जमला नाही.

तर एका सोमवारी साडेअकराच्या सुमाराला एक मुलगा आपल्या आईला घेऊन आला. मुलगा म्हणजे अडतीस वर्षांचा बाप्या, फरशीच्या दुकानात मॅनेजर, अंगावर अत्तर इतकं की ते त्याच्या आधी खोलीत शिरलं. बसायच्या आधी त्याने खुर्ची रुमालाने झटकली. ते बघून बाईंचं डोकं तिथेच फिरलं. आई चौसष्टची, ताठ, नीटनेटकी, गळ्याभोवती मऊ कापडाची पट्टी. हातात एक पाटी, लहान पोरांची असते ना तसली, लिहायचं आणि वरचा पातळ कागद उचलला की सगळं पुसतं.

"मॅडम, आईची आवाजाची पेटी काढली," फरशीवाला म्हणाला. "घशाचा कॅन्सर. आता श्वास गळ्याच्या भोकातून आणि आवाज अजिबात नाही. पण ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे बसून आम्ही तिचा आवाज भरून घेतला होता. बाराशे वाक्यं. एक कंपनी आहे, ती त्यावरून मशीन बनवते. आई बोटाने लिहिणार आणि मशीन तिच्या स्वतःच्या आवाजात बोलणार."

"मग बनवलं?"

"पाठवायचं राहिलं."

"ऑपरेशन कधी झालं?"

"आठ महिने झाले असतील."

"आणि दुसरी प्रत?"

"लॅपटॉपवर होती. जागा पुरत नव्हती म्हणून काढून टाकली."

"कसली जागा?"

तो जरा घुटमळला. "मॅचेसचे व्हिडिओ होते."

बाईंनी आईंकडे पाहिलं. आई शांतपणे टेबलावरचे चिमटे बघत होत्या. एकतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या, मुलगा सांगत होता, घाबरून फोन करणारी माणसं म्हणे हिचं "बोला, कुठला वॉर्ड?" ऐकूनच निम्मी शांत व्हायची. हे सांगताना त्याचा चेहरा खरोखर मऊ झाला. पण ज्या आवाजाचं एवढं कौतुक, त्याची ही वासलात? मॅच महत्त्वाची आणि आई आपली पडून राहील, जाते कुठे? बाईंना आतून नुसता उबग आला.

"डिस्कला काय झालं होतं?"

"काही नाही, आपोआप बंद पडली."

त्याच वेळी आईंनी पाटी मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. दोन अक्षरं झाली असतील नसतील, मुलाने तळहात पाटीवर ठेवला. अगदी हळू, प्रेमाने ठेवला. "आई, तू कशाला त्रास घेतेस? मी सांगतोय ना."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याचा हात बाजूला केला, कागद स्वतःच उचलला आणि कोरी पाटी मांडीवर पालथी ठेवली.

बाईंनी हे सगळं पाहिलं. अकरा वर्षांचा अनुभव होता, डोळे काही फुटले नव्हते. "ताई, काय लिहीत होतात?" एवढं विचारायला काय लागत होतं? तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण तेवढ्यात आईंना खोकला आला. आवाज नसलेला खोकला. नुसती हवा गळ्यातून फस्‌ करून बाहेर, पट्टी पुढे उडाली आणि त्या भोकातून पिवळट कफ ओघळला. थोडा टेबलाच्या कडेला उडाला. आईंनी घाईघाईने गळा पुसला, मग तोच रुमाल टेबलावरून फिरवला. बाईंच्या घशाशी आंबट आलं. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी या." वहीत कारणाच्या रकान्यात कित्ता ओढला. मायलेक जिना उतरून गेले.

मग बाईंनी टेबल स्पिरिटने पुसलं. पुन्हा पुसलं. फडकं चिमट्याने धरून टोपलीत टाकलं आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. तरी डिस्क टेबलावर होतीच. ती एकदाची हातावेगळी व्हावी, जेवणाचा डबा उघडायच्या आधी डोळ्यांसमोरून जावी, असं त्यांना झालं. डिस्कची बाहेरची पेटी कोरी करकरीत होती, कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. निदान आपटलेली तरी नाही, त्या मनाशी म्हणाल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा, न उघडता, बाईंनी करंट दिला.

चार सेकंद. पहिली दोन काही नाही. मग आतून खर्र असा आवाज आला, तव्यावर उलथन्याने जळकं खरवडावं तसा. त्यांनी वायर ओढून काढली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पेटीचे दोन भाग वेगळे केले तेव्हा सगळी भानगड उलगडली. पेटी नवी होती, पण आतली डिस्क जुनीच होती आणि तिचा एक कोपरा चांगला दबलेला. झाकणाच्या स्क्रूंची डोकी कुणीतरी चुकीच्या पेचकसाने कुरतडलेली. बाईंनी डिस्क काचेच्या बंद पेटीत घेतली, जिच्यात धूळ शिरत नाही, आणि झाकण काढलं. तबकडीवर अंगठा उमटला होता. तेलकट, स्पष्ट, एकेक रेघ मोजून घ्यावी इतका. "शी," बाई म्हणाल्या. "मेल्याने अंगठा लावला. आईच्या आवाजावर अंगठा लावला."

पण भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचं तोंड बंद झालं. वाकलेल्या हेडने तबकडीवर एक ताजं, पांढरं कडं कोरलं होतं. ते कडं अंगठ्याच्या ठशाला मधोमध कापून गेलं होतं. म्हणजे आधी अंगठा, मग कडं. ठसा त्याचा होता आणि कडं बाईंचं होतं. मघाशी काढलेला "शी" त्या खोलीत अजून होता आणि आता तो कुणासाठी आहे हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

दुपारी त्यांनी फरशीवाल्याला फोन लावला. "उद्या आईंना पाठवा. वाक्यांबद्दल विचारायचंय."

"मी येतो ना मॅडम."

"तुम्ही कशाला? वाक्यं तुमची आहेत का?"

मंगळवारी आई एकट्याच आल्या, जिना हळूहळू चढत. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा ग्लास ठेवला आणि उभ्यानेच विचारलं, "ताई, काल काय लिहीत होतात?"

आईंनी पाटीवर लिहिलं आणि वळवून दाखवलं. *माझ्या हातून पडली.*

"खरंच तुमच्या हातून?"

आईंनी मान हलवली, नाही. कागद उचलला, पुन्हा लिहिलं. *खोटं. पण तुमचं काम भागलं असतं ना?*

बाई खुर्चीत बसल्या. "भागलं असतं," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के भागलं असतं."

मग आई लिहीत गेल्या, पाटी भरली की पुसत गेल्या, आणि बाई वाचत गेल्या. हाक मारता येत नाही म्हणून आई टकटक करायच्या. टेबलावर नख, ताटावर चमचा, दारावर अंगठी. पाणी हवं, टकटक. दार वाजलं, टकटक. मुलगा दुकानातून दमून आला की टकटक. एका रविवारी सकाळी त्या सारखी टकटक करत होत्या, काय हवं होतं ते आता आठवतही नव्हतं, आणि तो उठला आणि हाताला लागलं ते भिंतीवर फेकलं. हाताला हीच डिस्क लागली. काय फेकलं ते त्याला नंतर कळलं. मग तो फरशीवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघून उघडायला गेला. उघडल्यावर भेदरला आणि तशीच बंद केली. मग नवीन पेटी आणली. पाटीवर शेवटी आलं, *वाईट नाही. ठोंब्या आहे.*

"त्याचं टोपणनाव?"

आईंनी मान डोलावली. मग लिहिलं, *आवाज येईल का?*

आता आली पंचाईत. बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुमच्या चिरंजिवांनी आपटली, वर अंगठा लावला, आता काय यायचंय? यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि आई ते मान खाली घालून ऐकून घेणार होत्या, कारण त्यांना ते ऐकायची भीती होतीच. बाईंनी तोंड उघडलं. "त्याचं असं आहे, काल मी बघायला घेतली आणि ती आपो..."

शब्द अर्धाच बाहेर आला आणि त्यांनी तो गिळला. अकरा वर्षं ज्या शब्दावर नाक मुरडलं, तो त्यांच्याच तोंडून इतका सहज निघाला होता, लाळ गळावी तसा.

"मी करंट दिला," त्या म्हणाल्या. "न उघडता दिला. मी तसं कधी करत नाही. चार सेकंद, आणि तबकडीचा एक पट्टा कायमचा गेला. काय गेलं ते अजून माहीत नाही, पण जे त्या पट्ट्यात असेल ते माझ्यामुळे गेलं. तुमच्या मुलामुळे नाही."

आईंनी लिहिलं. *का दिला?*

"काल तुम्हाला खोकला आला ना? तो कफ. मला किळस आली, ताई. तुम्हाला विचारायचं होतं, पण तुमच्याकडे बघवेना. तुमची वस्तू टेबलावरून जावी म्हणून घाई केली." बाईंचा चेहरा तापला होता. इतकं घाण वाक्य त्यांनी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आईंनी पाटी टेबलावर ठेवली. मग त्यांचे खांदे हलू लागले, गळ्यावरची पट्टी फडफडली आणि बाईंना वाटलं पुन्हा खोकला आला. खोकला नव्हता. त्या हसत होत्या. हसू झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पाटीवर दोनच शब्द लिहिले. *मलाही येते.*

बाईंनी दुसऱ्या एका सारख्या डिस्कमधून चांगलं हेड काढून हिच्यात बसवलं आणि काम सुरू केलं. असलं काम घाईचं नसतं. डिस्क थोडी वाचायची, थांबायची, गार होऊ द्यायची, पुन्हा थोडी वाचायची. दहा दिवस दुसरं काम घेतलं नाही. लोक आपापल्या चहा प्यालेल्या डिस्क घेऊन आले आणि खाली किल्लीवाल्याने त्यांना परतवलं. "आज आपोआपबाई माणसात नाहीत," असं सांगायचा.

दहाव्या दिवशी हिशेब लागला. फायलींची यादी सगळी आली, बाराशेच्या बाराशे नावं. आवाज आला सातशे अठरा वाक्यांचा. कंपनीला किमान पाचशे हवी होती, म्हणजे मशीन होणार, आई बोलणार. इथे कुणालाही आनंद व्हावा. बाईंनाही झाला, पण यादीचा शेवट बघेपर्यंतच. अकराशे पन्नासपर्यंत कंपनीने दिलेली वाक्यं होती. खिडकी बंद करा. आज मंगळवार आहे. डॉक्टर किती वाजता येतील? त्यातली गेली ती बहुतेक डिस्क आपटल्यामुळे गेली होती, त्यांची फारशी गरज नव्हती. पुढची पन्नास आईंनी आपल्या मनाने भरली होती आणि नावंही स्वतः दिली होती. ती पन्नासच्या पन्नास त्या पांढऱ्या कड्यात होती. नावं शिल्लक होती, आत आवाज नव्हता.

ठरलेला गुरुवार केव्हाच उलटला होता, त्याच्या पुढच्या गुरुवारी दोघं आले. फरशीवाल्याने या वेळी खुर्ची झटकली नाही. सातशे अठरा ऐकून त्याने हात जोडले, "मॅडम, तुम्ही देव आहात," वगैरे सुरू झालं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी ऐका आणि मग ठरवा." आणि चार सेकंदांची हकीकत त्यांनी आईंना सांगितली तशीच त्याला सांगितली. कफाचा भाग मात्र आधी आईंकडे बघून, त्यांनी मान डोलावली तेव्हाच सांगितला.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओठ वाकडे झाले, नाकपुड्या फुगल्या. ते तोंड बाईंच्या ओळखीचं होतं, रोज आरशात दिसायचं. "शी," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या आईची तुम्हाला किळस आली म्हणून तुम्ही डिस्क घालवलीत? माणसं विश्वासाने वस्तू देतात तुमच्या हातात. लाज वाटली पाहिजे."

"वाटते," बाई म्हणाल्या.

त्याला थांबवत नव्हतं. तो बोलत सुटला, तक्रार करीन, दारावरची पाटी उतरवीन, काय काय. चोराच्या उलट्या बोंबा, पण बाईंनी एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. तेव्हा आईंनी टेबलावर नख वाजवलं. टकटक. त्याने दात आवळले आणि बोलत राहिला. टकटक. बाईंनी गेलेल्या पन्नासांची यादी छापून ठेवली होती. आई बोटाने तीच दाखवत होत्या.

त्याने कागद ओढला आणि रागारागात मोठ्याने वाचायला लागला. "अकराशे एक्कावन. ठोंब्या, हाक, जवळून. अकराशे बावन. ठोंब्या, हाक, दुसऱ्या खोलीतून. त्रेपन. ठोंब्या, ऊठ आता. चोपन. ठोंब्या, जेवायला. पंचावन. ठोंब्या, रागावून. छप्पन. ठोंब्या, काही नाही, सहज हाक मारली." इथे तो थांबला. पुढे चव्वेचाळीस ओळी होत्या. त्या त्याने मनात वाचल्या. खाली किल्लीवाल्याची कानस चालू होती, तेवढाच आवाज.

"हे कधी भरलंस?" त्याने आईला विचारलं.

*तू चहा करायला जायचास तेव्हा.*

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, तुमची ती वही काढा." बाईंनी वही काढली, सोमवारचं पान उघडलं. "इथे काय लिहिलंय?"

"कित्ता."

"खोडा. लिहा, मी फेकली. भिंतीवर. आणि मग उघडली."

बाईंनी कित्ता खोडला आणि तो म्हणाला ते शब्द न बदलता लिहिले. त्याखाली दुसरी ओळ स्वतःची लिहिली, *न बघता करंट दिला*, आणि सही केली. रकाना रुंद होता, तरी भरत आला. त्या वही मिटणार तेवढ्यात आईंनी हात पुढे करून पेन मागितलं.

पाटीवर लिहिलं तर पुसलं जातं. म्हणून असेल, त्यांनी पाटी बाजूला ठेवली, वही आपल्याकडे फिरवली आणि राहिलेल्या जागेत ऑपरेटरच्या बारीक, सरळ अक्षरात तिसरी ओळ लिहिली. लिहिताना त्यांना खोकला आला, थोडा कफ पानाच्या कोपऱ्यावर पडला. मुलाने खिसा चाचपला. त्याच्या आधी बाईंनी आपल्या पदराने तो टिपला आणि या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. किळस आली. आली तर आली.

मग तिघांनी ती ओळ वाचली. *मला माहीत होतं. पाटी मी पुसली.*

दुपारी एक गृहस्थ डिस्क घेऊन आला, खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." बाईंनी सवयीने पेन उचललं. वर त्या तीन ओळी होत्या. त्यांच्याखाली कित्ता कसा लिहायचा, म्हणून बाई पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या.